टकलाची एएमसी

परवा मावसभाऊ घरी आला होता. वय २७, घरात लग्नाचं बघतायत, आणि कपाळ दर दिवाळीला थोडं मागे सरकतंय. म्हणाला, "दादा, एका क्लिनिकमध्ये पॅकेज घेतोय. ऑपरेशन वगैरे काही नाही. सहा महिन्यांत केस परत, कायमची कटकट मिटली."

त्या 'कायमची'ला मी दचकलो. कारण मी स्वतः यातून गेलोय.

मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध. घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, म्हणून ते डोक्याला लावून बघितलं गेलं. अमेरिकेत १९८८ साली त्याला मान्यता मिळाली. फिनास्टेराइड आधी प्रोस्टेटसाठी आलं, १९९२ साली. १९९७ पासून त्याची १ मिलिग्रॅमची गोळी टकलासाठी मिळते. केसांची मुळं बारीक करणारं डीएचटी हे हार्मोन ती कमी करते. काही जणांना तिचे लैंगिक दुष्परिणाम होतात, ते आधीच विचारून घ्यावेत. दोन्ही औषधांचा बऱ्याच जणांना उपयोग होतो हे खरं. पण फरक दिसायला चार-सहा महिने लागतात, आणि औषध थांबवलं की काही महिन्यांत कमावलेलं सगळं जातं. मी दोन वर्षं मिनॉक्सिडिल लावलं, ऑनसाइटला गेल्यावर आळस केला. परत आलो तेव्हा विमानतळावर आईने आधी डोक्याकडेच बघितलं!

पीआरपीमध्ये आपलंच रक्त काढून, त्यातल्या प्लेटलेट्स वेगळ्या करून टाळूत टोचतात. त्याचे निष्कर्ष सगळीकडे सारखे नाहीत, आणि तेही पुन्हापुन्हा करावं लागतं.

तर मुद्दा असा, की हा बग फिक्स नाही, ही एएमसी आहे. आयुष्यभर भरायची तयारी असेल तर खुशाल घ्या, नसेल तर सुरूच करू नका. त्यातही आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. डेंग्यू-टायफॉइडनंतर गळलेले केस बहुतेक वेळा आपोआप परत येतात, थायरॉइड असेल तर उपाय वेगळाच. आणि 'कायमचं' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. आपल्या औषध नियमांच्या शेड्यूल जे मध्ये टक्कल चक्क नावानिशी आहे. औषधाने ते बरं करण्याचा दावा करायचाच नाही.

हे सगळं ऐकून भाऊ म्हणाला, "मग लग्न ठरेपर्यंतच लावतो ना."

"आणि लग्नानंतर सहा महिन्यांनी?"

गप्प बसला. पॅकेजचे पैसे अजून भरलेले नाहीत, एवढं मावशीकडून कळलं. असो.