शब्दबोध : विश्वस्त

मंदिर, पाठशाळा वा धर्मशाळा सांभाळणाऱ्यास आपण ‘विश्वस्त’ म्हणतो. राज्यातील संस्थांना लागू असलेल्या 1950 च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या नावातही हा शब्द आहे. फलकावर व पत्रिकेवर तो मानाने छापला जातो. त्याचा अर्थ मात्र मानाहून जड आहे.

संस्कृत ‘श्वस्’ धातूचा अर्थ श्वास घेणे. त्याला ‘वि’ उपसर्ग लागला की अर्थ होतो मोकळा श्वास घेणे, निर्भय होणे. ज्याच्या हाती आपली वस्तू सोपवून धनी निश्चिंत श्वास घेतो, तो विश्वस्त.

त्याने सांभाळायचा तो ‘न्यास’, म्हणजे ठेव. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘न्यासापहार’ सांगितला आहे. ठेवीचा अपहार ही तर चोरी. मग तो अचौर्यव्रताखाली का नाही? आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत याचा उलगडा केला आहे. ठेवणारा संख्या विसरतो व कमी मागतो. राखणारा ‘बरोबर आहे’ म्हणून तेवढेच देतो. येथे हाताने काही उचलले नाही; अपहार जिभेने झाला.

आमच्या आजोबांकडे गावातील एका वृद्धेने सोन्याच्या पाटल्या ठेवल्या होत्या. आजोबांच्या पश्चात ती आली आणि तिने दोन पाटल्या मागितल्या. पुरचुंडीत चार होत्या. वडिलांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी चारही तिच्यापुढे ठेवल्या. पुढे कोणी या गोष्टीची प्रशंसा केली की ते म्हणत, “चार दिल्या हे सर्वांना ठाऊक आहे. हात थांबला होता, हे मला ठाऊक आहे.”

आज पुरचुंड्या राहिल्या नाहीत. ठेवी राहिल्या आहेत. धाकट्या भावाचा पेढीतील हिस्सा, आईच्या नावच्या मुदतठेवी, बहिणीचा वाटा. हक्कसोडपत्रावर सही करताना बहीण विचारत नाही की मिळकत किती आहे. तिने विचारले नाही म्हणून आपण सांगितले नाही, एवढ्याने आपण निर्दोष ठरतो काय? कायदा काहीही म्हणो, आपले मन काय म्हणते?

संस्थेचे विश्वस्तपद निवडणुकीने वा नेमणुकीने मिळते. घरातील विश्वस्तपद मिळते ते कोणी आपल्यावर डोळे मिटून विसंबल्यामुळे. त्याने हिशेब मागण्याआधी तो त्याच्यापुढे ठेवावा. त्याचा श्वास मोकळा राहील, आणि आपलाही.