वकिली सोडली, अभ्यास नव्हे

परप्रांतांतील आपल्या मंडळांत थोर पुरुषांच्या पुण्यतिथ्या साजऱ्या होतात, आणि त्या व्हाव्यात. तक्रार आहे ती त्या प्रसंगी सांगितल्या जाणाऱ्या ठरावीक कथांविषयी. विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव निघाले की वक्ता हमखास सांगतो : वकिलीच्या परीक्षेचा अभ्यास चालू असता या तरुणाच्या कानी सेवेची हाक आली, त्याने पुस्तके मिटली आणि तो मिशनरी झाला. मग श्रोत्यांतील तरुणांकडे वळून तो म्हणतो, "नाहीतर आजची तुम्ही मुले! पदवीमागे धावता!" टाळ्या पडतात. वक्ता बहुधा राजपत्रित अधिकारी असतो, दोन पदव्यांचा धनी असतो, आणि त्याचा स्वतःचा मुलगा त्या वेळी शिकवणीच्या वर्गात बसलेला असतो.

ही कथा अर्धी खरी आहे, आणि म्हणूनच ती पूर्ण खोट्या कथेपेक्षा अधिक अपाय करते.

यांत खरे किती ते प्रथम पाहू. शिंदे १८७३ साली जमखंडीस जन्मले. कानडी मुलखातील हे मराठी संस्थान. तेव्हा आपल्यासारखेच तेही मराठीच्या सीमेपलीकडचे. घरची गरिबी होती. १८९३ मध्ये ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात आले, १८९८ मध्ये बी. ए. झाले आणि एल्एल्. बी.च्या अभ्यासासाठी मुंबईस गेले. त्याच सुमारास ते प्रार्थना समाजात दाखल झाले. एकीकडे वकिली, म्हणजे घराला हातभार आणि समाजात मान; दुसरीकडे धर्मप्रचारकाचे, तुटपुंज्या मानधनाचे जिणे. ही ओढाताण खरी होती. तिचा शेवट वकिली सोडण्यात झाला, हेही खरे. (मिशनरी हा शब्द ऐकताच ज्यांच्या कपाळास आठी पडते त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की येथे बाप्तिस्म्याचा संबंध नाही, एकेश्वरी उपासनेचा प्रचार करणारा तो प्रार्थना समाजाचा मिशनरी.)

पण पुढे काय झाले? वक्त्यांची कथा नेमकी येथेच संपते. पुस्तके मिटलेला हा तरुण १९०१ साली बोटीत बसला आणि ऑक्सफर्डला गेला! तेथील मँचेस्टर कॉलेजात त्यांनी दोन वर्षे तौलनिक धर्मशास्त्राचा, पाली भाषेचा व बौद्ध धर्माचा अभ्यास केला. एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारखा व्यासंगी त्यांना गुरू लाभला. १९०३ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे उदारधर्मीयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचून मगच ते परतले. एकेश्वरी ख्रिस्ती पंथाच्या त्या कॉलेजात पदवी मिळत नसे. म्हणजे शिंद्यांनी सोडली ती पदवी आणि तिच्यामागची सनद. अभ्यासाचा तर त्यांनी मिशनसाठी उलट दुपटीने पाठपुरावा केला. 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा त्यांचा ग्रंथ १९३३ साली आला, तेव्हा ते साठ वर्षांचे होते. कानडी आणि मराठी यांच्या संबंधावरही त्यांनी लिहिले. आयुष्यभर विद्यार्थी राहिलेल्या माणसाला 'शिक्षण सोडणारा' म्हणून गौरवावे, यापरता विनोद कोणता?

दुसरी गोष्ट पैशाची. त्यागाच्या कथेत पैशाचा उल्लेख अमंगळ मानतात. आम्हा कारकुनांना मात्र खर्चाची बाजू पाहिल्याविना टिपणी पुढे सरकवता येत नाही. शिंद्यांना महाविद्यालयात सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती आणि तिच्यामागे बडोद्याच्या नोकरीची अट होती. धर्मकार्याचा निश्चय कानी येताच महाराजांनी त्यांना त्या अटीतून मोकळे केले, एवढेच नव्हे तर प्रवासखर्चालाही हात दिला. ऑक्सफर्डची शिष्यवृत्ती युनिटेरियन मंडळींची. घरून बहीण जनाक्का पुढे मिशनच्या कामात त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. एका माणसाने वकिली सोडावी म्हणून किती जणांनी किती सोडले! त्यांतले एकही नाव आमच्या व्याख्यानांत येत नाही. येईल कसे? ते आले तर सभेतून उठताना खिशात हात घालावा लागेल.

हे मी हवेत बोलत नाही. एका मंडळाच्या कार्यकारिणीत, नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, एका शिपायाच्या मुलाच्या परीक्षा-शुल्काचा अर्ज आला होता. रक्कम क्षुल्लक होती. एक वजनदार सभासद म्हणाले, "शिंद्यांनी परीक्षा सोडली आणि ते महर्षी झाले, या मुलाने एखादे वर्ष सेवा करावी, पदवी काय पळून जाते?" अर्ज पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. शुल्काची मुदत काही मंडळाच्या बैठकीसाठी थांबत नाही.

अशा गृहस्थांपुढे मला बडोद्याचीच दुसरी शिष्यवृत्ती ठेवाविशी वाटते. १९१३ मध्ये सयाजीरावांच्याच मदतीने आणि तशाच नोकरीच्या करारावर भीमराव आंबेडकर अमेरिकेस गेले. १९१७ मध्ये करार पाळण्यास बडोद्यात आले, तर त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी विश्रांतिगृहात नाव लपवून राहावे लागले, तेथूनही काढले गेले. नोकरी सोडून परतावे लागले. त्यांनी काय केले? ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले, अर्थशास्त्राच्या पदव्या घेतल्या आणि बॅरिस्टर झाले. महाडच्या चवदार तळ्याचा दावा १९२७ पासून दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने लागला. जी सनद शिंद्यांना टाकून देता आली, तीच आंबेडकरांना जोडावी लागली. पहिल्याचा त्याग खोटा ठरवण्याचा माझा हेतू नाही; पण टाकण्यासाठी हातात आधी काही असावे लागते, आणि ज्याला राहण्यास खोली मिळत नाही त्याला त्यागाचा पाठ देणे हे क्रौर्य आहे.

यावर कोणी म्हणेल की शिंदे बॅरिस्टर झाले असते तर त्यांचे कार्यही अधिक बळकट झाले असते. असे मला वाटत नाही. वकील पुष्कळ होते. अस्पृश्यवस्तीत जाऊन राहणारा, धर्मग्रंथ मुळातून वाचलेला मराठा तरुण दुसरा नव्हता. त्यांच्या कार्याला मर्यादा होत्या आणि त्या कडू शब्दांत दाखवल्याही गेल्या : १९२० च्या नागपूर परिषदेत कौन्सिलातील प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावर आंबेडकरांनी त्यांच्या भूमिकेवर कडक टीका केली, आणि दुसऱ्यांनी आपले प्रतिनिधी निवडावेत हे अस्पृश्यांनी का मान्य करावे, या प्रश्नाला शिंद्यांच्या पक्षाजवळ पटण्यासारखे उत्तर नव्हते. पण ही उणीव सनदेने भरून निघणारी नव्हती. ती होती उपकारकर्त्याच्या जागी उभे राहण्यात. ती जागा वकिलांनाही सुटत नाही, आणि मंडळांच्या सभासदांना तर नाहीच.

आणि आता त्या मिशनकडेच पाहा. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी शिंद्यांनी मुंबईत 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' सुरू केले. नारायणराव चंदावरकर अध्यक्ष झाले. त्या दिवशी परळला जे उघडले ते मठ नव्हते, मंदिर नव्हते, व्याख्यानमंडपही नव्हता. ती शाळा होती. पाट्या, फळा, मास्तर आणि हजेरीपट असलेली. ज्यांची मुले अन्य शाळांत ओटीवरही बसू दिली जात नसत, त्यांच्यासाठी कॉलेज सोडलेल्या या माणसाने सर्वांत आधी वर्ग भरवला. पुढे पुण्यास आणि इतरत्र शाळा व वसतिगृहे काढली.

२ जानेवारीला त्यांची पुण्यतिथी येते. १९४४ साली ते गेले. या वेळच्या सभेत वक्त्याला परळच्या शाळेपासून सुरुवात करण्यास सांगावे, आणि सभेआधीच्या कार्यकारिणीत तो शिपायाच्या मुलाचा अर्ज पहिल्या क्रमांकावर घ्यावा. पुढील सहामाहीच्या शुल्काची मुदत जानेवारीतच आहे.