बांडगूळ म्हणू नका

"मातीशिवाय वाढणारं झाड, काहीही करावं लागत नाही!" अशी हल्ली ऑर्किडची जाहिरात करतात. काचेचं उभं भांडं, त्यात लोंबणाऱ्या जाड मुळ्या, वर जांभळ्या फुलांचा तुरा. ना माती, ना कोळसा, ना नारळाचा काथ्या. आमच्या खिडकीतलं हे झाड पाहून निम्मे पाहुणे म्हणतात, "अय्या, किती सोपं!" आणि उरलेले म्हणतात, "अरेरे, बिचारं झाड!" माझं दोघांशीही पटत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी 'बिचारं' म्हणणाऱ्यांशी बोलते. वांडा जातीचं ऑर्किड रानात जमिनीवर नव्हे, झाडाच्या फांदीवर राहतं. त्याला मायेनं कुंडीत लावून भोवती माती दाबलीत तर मुळ्या कुजतील. या मुळ्यांवर मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं, त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडं असताना ते रुपेरी दिसतं. पाणी लागलं की ते पारदर्शक होतं आणि आतलं हरितद्रव्य दिसू लागून मुळी हिरवी होते. आलेली सर झटकन टिपून घ्यायची आणि मग वाऱ्यावर सुकायचं, अशी या मुळीची घडण आहे. आपले पापड सादळवणारी वर्सोव्याची दमट हवा तिला छान मानवते.

आपल्या कोकणातच पाहा ना. मे-जूनमध्ये आंब्याफणसाच्या फांदीवरून 'सीतेची वेणी' लोंबते, ती याच वांडाची नातेवाईक. हेच फूल आसामात 'कोपौ फूल' म्हणून बिहूच्या नाचात मुली केसांत माळतात. ते आसामचं राज्यपुष्प आहे. आणि आपल्याकडे? "काढून टाक रे ते बांडगूळ," म्हणून कोयता चालवतात!

इथे मात्र माझ्यातली मराठीची बाई जागी होते. खरं बांडगूळ वेगळं. ते फांदीच्या आत आपली शोषकं घुसवतं आणि झाडाचं पाणी व क्षार पळवतं. ऑर्किड झाडाला नुसतं धरून राहतं. पाऊस, हवा, सालीवर साठलेला पालापाचोळा यांवर त्याचं भागतं. हा घोळ जुना आहे. अमरकोशात 'वंदा' या वनस्पतीची पर्यायी नावं देताना 'वृक्षादनी' म्हणजे झाड खाणारी आणि 'वृक्षरुहा' म्हणजे झाडावर वाढणारी, ही दोन्ही एकाच ओळीत आहेत. हाच 'वंदा' शब्द कलकत्त्याचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनी उचलला आणि पुढे १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी 'वांडा' हे शास्त्रीय नाव रूढ केलं. 'खाणारी' आणि 'वाढणारी' यांतला फरक मात्र आपण अजून शिकलो नाही.

आता 'सोपं' म्हणणाऱ्यांकडे वळते. रानातल्या फांदीवर पाऊस, वारा, कवडशाचं ऊन हे सगळं आपोआप मिळतं. काचेच्या भांड्यात पावसाळा आपण व्हायचं असतं! रोज सकाळी भांड्यात पाणी भरायचं, बुंधा आणि पानं पाण्याच्या वर ठेवायची. वीस-पंचवीस मिनिटांत मुळ्या हिरव्या झाल्या की सगळं पाणी ओतून टाकायचं. हे ओतून टाकणं सर्वांत महत्त्वाचं. पाणी तसंच राहिलं तर मुळ्या सडतात, शिवाय डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. एप्रिल-मेमध्ये दोनदा भिजवावं लागतं, जुलैत मुळ्या रुपेरी होईपर्यंत थांबावं लागतं. आठवड्यातून एकदा अगदी पातळ खत, पुढच्या वेळी साधं पाणी. खाऱ्या वाऱ्याचा थर पानांवरून पुसायचा, काचेवरचं शेवाळ घासायचं. दुपारचं ऊन थेट भांड्यावर आलं तर आत भट्टी होते, म्हणून पूर्वेची खिडकी बरी. पानं गर्द हिरवी दिसू लागली तर खूश होऊ नका, उजेड कमी पडतोय. चार दिवस गावाला जायचं तर शेजारणीला किल्ली द्यावी लागते. याला 'काही करावं लागत नाही' म्हणतात का?

आणखी एक. हौस म्हणून रानातलं झाड ओरबाडून आणू नका. १८५० साली खासी टेकड्यांत जोसेफ हूकर यांनी लंडनजवळच्या क्यू बागेसाठी निळ्या वांडाची सात माणसांच्या ओझ्याइतकी झाडं गोळा केली. त्यातली फारच थोडी जिवंत पोहोचली, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात अन्नसाठा नसतो. रानात ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं, आणि फुलायला पुढे कित्येक वर्षं जातात. रोपवाटिकेत वाढवलेली संकरित झाडं मिळतात, ती घ्यावीत. सीतेची वेणी फांदीवरच राहू द्यावी.

एवढं सगळं लिहायला निमित्त झालं माझ्या नणंदेच्या फोनचं. त्या गावी एकट्या असतात. मुलगा ठाण्याला बोलावतो आहे. त्या म्हणाल्या, "वहिनी, या वयात तिथे जाऊन बांडगुळासारखी राहू?" मी स्वतः आठ वर्षांपूर्वी मुलाकडे वर्सोव्याला आले, त्यामुळे तो शब्द मला चांगलाच टोचला. माणूस म्हणजे झाड नव्हे, हे कळतं मला. घर, विहीर, अंगण सोडण्याचं दुःख कुठल्याही उपमेनं भागत नाही, आणि जायचं की नाही हे त्यांनीच ठरवावं. पण आधार घेणं आणि शोषून घेणं यांत फरक आहे, एवढं मी त्यांना ठामपणे सांगेन. आपलं अन्न आपण कमावलंय वन्सं, धरायला फांदी लागली तर त्यात कमीपणा कसला?

आणि भाच्यालाही दोन शब्द. "आईला काही लागत नाही, ती कुठेही राहील," असं तू मागे म्हणालास. लागतं रे बाबा. रोज थोडं लागतं. सकाळची वीस मिनिटं धर. मोबाइल बाजूला ठेवून.