चुलीपुढील उपासना

गृहकृत्यांच्या धामधुमींत देवासाठीं वेळ उरत नाहीं, ही तक्रार आमच्या कुटुंबांत नवी नाहीं. मोठ्या घराचा भार वाहणाऱ्या गृहिणीस पहाटेपासून रात्रींपर्यंत उसंत नसते; कर्त्या पुरुषाचें चित्त कचेरी आणि खर्चाचा मेळ यांत गुंतलेलें असतें. पूजा आटोपून बाहेर पाऊल टाकतांच देवघरांतील शांति देवघरांतच राहते. हाच प्रश्न ख्रिस्ती समाजांतही अनेकांस पडत आला आहे. आणि त्याचें एक अत्यंत सरळ उत्तर सतराव्या शतकांत पॅरिस येथील एका मठाच्या स्वयंपाक्यानें दिलें. तें विद्वानाचें उत्तर नव्हे. म्हणूनच आमच्या विद्वान् वाचकांपुढें तें मांडावेंसें आम्हांस वाटतें.

ईश्वर सर्वव्यापी आहे, हा सिद्धान्त आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. परंतु ख्रिस्ती मनुष्य देवाच्या सान्निध्याविषयीं बोलतो, तेव्हां त्याच्या मनांत केवळ व्यापक तत्त्व नसतें. आपल्याहून वेगळा, आपलें ऐकणारा आणि आपली वाट पाहणारा सोबती असतो. मत्तयाच्या शुभवर्तमानांत येशूच्या जन्मकथेंतच त्यास इम्मानुएल हें इब्री नांव लाविलें आहे. त्याचा अर्थ ‘देव आमच्याबरोबर’ असा होतो. त्याच ग्रंथाचा शेवट येशूनें शिष्यांस दिलेल्या नित्य सोबतीच्या वचनानें होतो. या वचनावर विसंबून दिवसाचा प्रत्येक क्षण कसा घालवावा, हें त्या स्वयंपाक्यानें आचरून दाखविलें.

त्याचें मूळ नांव निकोला हर्मान. लोरेन प्रांतांतील एका गरीब कुटुंबांत इ. स. १६१४ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. अठराव्या वर्षीं, ऐन हिवाळ्यांत, एक निष्पर्ण वृक्ष त्याच्या दृष्टीस पडला. कांहीं काळानें यास पुन्हा पालवी फुटेल, मग फुलें व फळें येतील, या साध्या विचारानें ईश्वराच्या सत्तेची जाणीव त्याच्या मनांत कायमची ठसली. युरोपांत त्या वेळीं तीस वर्षांचें युद्ध चालूं होतें. त्यांत तो शिपाई झाला, जखमी झाला आणि जन्मभर लंगडत राहिला. पुढें एका धनिकाच्या पदरीं त्यानें नोकरी केली. तेथें आपण हाताला येईल तें फोडणारे धांदरट नोकर होतों, असें तो स्वतःच सांगे. इ. स. १६४० त त्यानें पॅरिसमधील कार्मेल पंथाच्या मठांत प्रवेश केला व लॉरेन्स हें नांव घेतलें. तो धर्मगुरु नव्हता. सेवेकरी बंधु म्हणून राहिला. त्याच्या वांट्यास स्वयंपाकघर आलें, आणि त्या कामाचा तर त्यास स्वभावतःच तिटकारा होता! तरीही सुमारें पंधरा वर्षें त्यानें तें केलें. नंतर मठवासीयांच्या चपला दुरुस्त करण्याचें काम त्याजकडे आलें.

त्याची साधना अशी होती. काम हातीं घेण्यापूर्वीं तो थोडक्यांत देवाचें साह्य मागे. काम करतांना मनांतल्या मनांत त्याच्याशीं बोले. काम संपल्यावर तें कसें झालें हें पाही. चांगलें झालें तर आभार, चुकलें तर क्षमायाचना. आणि विस्मरण झालें तर खंत करीत न बसतां पुन्हा तेथेंच परत येणें. तव्यावरील पोळा उलटणें हेंही तो देवावरील प्रेमानें करी. प्रार्थनेची वेळ आणि भांड्यांच्या खडखडाटाची वेळ यांत त्यास अंतर उरलें नाहीं. जोसेफ द बोफोर नांवाच्या धर्मगुरूनें इ. स. १६६६ पासून त्याच्याशीं झालेलीं संभाषणें टिपून ठेविलीं. १२ फेब्रुवारी १६९१ रोजीं लॉरेन्स वारल्यानंतर तीं त्याच्या पत्रांसह प्रसिद्ध झालीं, आणि पुढें प्रॉटेस्टंट पंथीयांनींही तीं आपलींशीं केलीं.

हें सारें वाचून त्याचा स्वभावच शांत असावा, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिति उलट आहे. मठांतील पहिलीं अनेक वर्षें त्यानें घोर मानसिक यातनेंत काढिलीं. त्यांतील चार वर्षें तर आपणास मुक्ति मिळणारच नाहीं, अशी त्याची खात्री झाली होती. अखेर त्यानें निश्चय केला कीं, पुढें आपलें कांहींही होवो, जगणें देवाच्या प्रेमासाठींच. या निश्चयानंतर त्यास शांति लाभली. येथेंच या चरित्राचें मर्म आहे. सान्निध्याची अनुभूति निराळी आणि सान्निध्यावरील विश्वास निराळा. अनुभूति येते आणि जाते. विश्वास ती नसतांनाही पाऊल पुढें टाकितो.

कोणी विचारील, देव इतका निकट आहे, तर तो रक्षण कां करीत नाहीं? प्रश्न रास्त आहे. लॉरेन्स ज्या मठांत राहिला, त्याच मठांत फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळीं, २ सप्टेंबर १७९२ रोजीं, तेथें कोंडलेल्या शंभराहून अधिक धर्मगुरूंची कत्तल झाली. त्यांच्यापैकीं अनेकांनीं सोबतीचें तें वचन रोज उच्चारिलें असेल. ख्रिस्ती उत्तर असें कीं, खुद्द येशूनेंही वधस्तंभावर, देवानें आपणास कां टाकिलें, असा आक्रोश केला होता. तेव्हां हें वचन सोबतीचें आहे, सुटकेचें हमीपत्र नव्हे. हें उत्तर सर्वांस पटेल असें नाहीं. परंतु त्यांत दुःख लपविण्याचा प्रयत्न नाहीं, हें मान्य केलें पाहिजे.

आमच्या महाराष्ट्रांत रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं इ. स. १८९५ त बाप्तिस्मा घेतल्यावर हाच सोबतीचा भाव मराठी भजनांत व अभंगांत गाइला. त्या धर्मांतरानें घरांत केवढा कल्लोळ झाला, हें ‘स्मृतिचित्रें’ वाचणारांस ठाऊक आहेच. लक्ष्मीबाईंचे अश्रु खरे होते, आणि टिळकांची श्रद्धाही खरी होती. विश्वासाचा मार्ग आप्तांच्या हृदयांवरून जातो, तेव्हां तो स्वस्त राहत नाहीं.

आमच्या वाचकांनीं आपला धर्म सोडावा, असें आमचें म्हणणें नाहीं; परंतु या स्वयंपाक्याची रीत कोणत्याही घरांत करून पाहण्याजोगी आहे. काम आरंभितांना क्षणभर स्मरण, विसर पडल्यास निमूट परत फिरणें, आणि मन कोरडें असतांनाही नेम न मोडणें, एवढेंच तिचें स्वरूप. पुरुषमंडळींस मात्र एक विनंति आहे. चुलीपुढील कष्ट पवित्र आहेत असें सांगून त्यांनीं ते स्त्रियांच्या माथीं मारूं नयेत. लॉरेन्स पुरुष होता, आणि चूल त्यानें स्वतः सांभाळिली होती.