शर्यतीचं माप कोण ठरवणार?

मोटारींच्या शर्यतीवर आपल्या अंकात लेख कशाला, असं काही मैत्रिणी विचारतील. हा पैसेवाल्यांचा खेळ आहे, हेही म्हणतील. ते मला मान्य आहे. तरीही लिहिते आहे, कारण गुण कशाला द्यायचे हे ठरलं की माणसं कशी वागतात, ते या खेळात अगदी उघड दिसतं.

१९६८ साली लंडन ते सिडनी अशी मोटार रॅली झाली. ९८ गाड्या निघाल्या. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत त्या मुंबईला आल्या आणि इथून बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. नियम साधा होता. जितका उशीर, तितके दंडाचे गुण. शेवटच्या दिवशी सिडनी काही तासांवर असताना सर्वांत पुढे असलेल्या बियांकीच्या गाडीला समोरून येणाऱ्या गाडीची धडक बसली. मागून येणारा पॅडी हॉपकर्क आणि त्याचे साथीदार जखमींसाठी थांबले. पहिला आला अँड्र्यू कोवन, हॉपकर्क दुसरा. त्याचं आजही कौतुक होतं. पण जिथे मिनिटामिनिटाला दंड आहे, तिथे माणुसकी दाखवायची तर पदरचे गुण मोजावे लागतात, हे आपण विसरतो.

या मापाने बायका जिंकू शकत नाहीत असं मुळीच नाही. २००१ मध्ये युटा क्लाइनश्मिट या जर्मन बाईने डकार रॅली जिंकली. मोटारगटात एकंदर पहिली आलेली ती आजवरची एकमेव स्त्री. तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण पुरुषांनी आखलेल्या शर्यतीत पहिलं येणं एवढंच आपल्याला हवं आहे का?

मोरोक्कोत १९९० पासून केवळ बायकांची एक रॅली होते, गझेल रॅली. एका गाडीत बहुधा दोघीजणी, एक चालवणार, दुसरी वाट शोधणार. उपग्रहावरून वाट दाखवणारं यंत्र नाही, फोन नाही. हाताशी नकाशा आणि होकायंत्र. वाळवंटातल्या ठरलेल्या खुणा गाठायच्या. इथे वेगाला गुण नाहीत. जी जोडी कमीत कमी किलोमीटरमध्ये खुणा गाठेल ती पुढे. त्यामुळे कुणाची गाडी वाळूत रुतली तर दुसरीने थांबून दोर लावायला हरकत नसते. वाट वाकडी केली तर किलोमीटर वाढतात, पण नुसतं थांबल्याने गुण जात नाहीत. तिथल्या बायका जन्मतः जास्त प्रेमळ असतात असं मी म्हणणार नाही. नियमाने त्यांना थांबायची मुभा दिली आहे, इतकंच. प्रवेशशुल्कच हजारो युरो असल्याने आपल्यापैकी कुणी तिथे जाण्याची शक्यता कमीच. पण त्या नियमाला पैसे पडत नाहीत.

आता आपल्याकडे पाहू. दर तीन महिन्यांनी मी देणगीदार संस्थेचा तक्ता भरते. किती बैठका, किती बचत गट, किती शिबिरं. मारहाण झालेल्या बाईबरोबर जी कार्यकर्ती रात्रभर पोलीस चौकीत बसली, तिचा त्या महिन्याचा आकडा साहजिकच कमी भरतो. मग आढावा बैठकीत तिलाच विचारलं जातं, तुझं काम मागे का? तीन-चार वेळा असं ऐकल्यावर कुणीही चौकीत बसायचं टाळेल. दोष तिच्या निष्ठेचा नाही, तक्त्याचा आहे.

पैसा घेतो म्हणजे हिशेब द्यायलाच हवा, हे मला पटतं. पण हिशेबाचे रकाने ठरवताना आपण गप्प का राहतो? माझ्या मते दोन रकाने आपण आग्रहाने घालून घ्यावेत. पहिला, कुणासोबत किती तास थांबलो. दुसरा, मदतीला आलेली बाई सहा महिन्यांनी कुठे आहे, कशी आहे. आणि तालुक्यातल्या गटांची क्रमवारी लावणं तर बंदच करावं. एक गट पुढे गेला आणि शेजारच्या गावातला मोडला, तर त्या तालुक्यात चळवळ पुढे गेली असं म्हणायचं कसं?

गझेल रॅलीची सांगता अनेकदा एसाविरा गावाच्या समुद्रकिनाऱ्यावर झाली आहे, सगळ्या जोड्या एकत्र. क्रमांक तिथेही असतात. पण मुक्कामाला किती जणी पोचल्या, हेही आपल्या अहवालात लिहिलं जायला हवं. तुमच्या गटात काय मोजलं जातं, ते जरूर कळवा.