पेढी विकली जाते, पत विकली जाते काय?

जुनी पेढी दुसऱ्याच्या हाती जाणार अशी कुणकुण लागताच आधी अस्वस्थ होतो तो ग्राहक. त्याचा तीत पैचाही हिस्सा नसतो. खेळण्यांच्या दुकानात तर त्याचे बालपणच गुंतलेले असते.

लंडनमध्ये १७६० साली विल्यम हॅम्ली यांनी काढलेले खेळण्यांचे दुकान या शतकात आइसलंड, फ्रान्स व चीन येथील मालकांकडे गेले. २०१९ मध्ये ते मुंबईच्या रिलायन्सने सुमारे ६२० कोटी रुपयांना घेतले. किराण्यापासून दूरचित्रवाणी वाहिन्यांपर्यंत पसरलेल्या या समूहानेही पाटीवरील ‘हॅम्लीज’ हे नाव तसेच ठेवले. कारण मोल त्या नावाचेच होते.

भंडाऱ्यातील पितळी भांड्यांच्या, कापडाच्या, किराण्याच्या पेढ्याही आज ना उद्या पुतण्याकडे, भागीदाराकडे वा परक्याकडे जातील. खरेदीखतात जागा, माल व उधारी यांची नोंद होईल. वडिलांनी मापात कधी खोट येऊ दिली नाही, हे कोणत्या रकान्यात लिहिणार? म्हणून देणाऱ्याने एक दिवाळीचा हंगाम तरी नव्या मालकासोबत गादीवर बसावे व जुन्या ग्राहकांची ओळख करून द्यावी. घेणाऱ्यानेही त्यांच्या शंकांचा राग मानू नये. जो विचारतो, तो अजून आपला आहे.