‘आपोआप जाईल’ म्हणत वाट पाहणं ही दया नव्हे

घरातला म्हातारा कुत्रा आठ दिवसांपासून नीट जेवत नाही. क्रिएटिनिन खूप वाढलंय, उलट्या होतात, जागेवरच लघवी होते. किडनीचा जुनाट आजार शेवटच्या टप्प्यात आहे आणि आता सुधारणा होणार नाही, असं पशुवैद्यकांनी सांगितलंय. तरी घरात ठरतं, ‘राहू द्या, नशिबात असेल तेव्हा जाईल. आपण कशाला पाप घ्यायचं?’

मी माणसांचा डॉक्टर. पण हे वाक्य नागपुरातल्या माझ्या पेशंटांकडून इतक्या वेळा ऐकलंय की आज स्पष्टच बोलतो. तुम्ही निर्णय टाळत नाही, घेताय. फक्त त्याची किंमत ते मुकं जनावर मोजतंय.

माणसाला स्वतःसाठी बोलता येतं. कृत्रिम उपायांनी माझा जीव ताणू नका, असं आधीच लिहून ठेवायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला. कुत्र्या-मांजराला ही सोय नाही. मांजर तर दुखणं लपवून कोपऱ्यात गप्प पडतं आणि आपण म्हणतो, ‘शांत झोपलंय.’ किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम गेल्यावर क्रिएटिनिन वाढतं. सलाईनने काही दिवस आराम पडेल, गेलेली किडनी परत येणार नाही. रोज बाटली लावून ‘बघू’ म्हणणाऱ्या डॉक्टरांनीही हे स्पष्ट सांगायला हवं.

आता पापाबद्दल. पुढे आपल्या शेजारी सेवाग्रामला येऊन राहिलेल्या गांधीजींपुढे हाच प्रश्न १९२८ मध्ये साबरमती आश्रमात आला होता. एक वासरू वेदनेने तळमळत होतं, वाचायची आशा नव्हती. गांधीजींनी सहकाऱ्यांशी चर्चा केली आणि डॉक्टरांकडून त्याला विषाचं इंजेक्शन देवविलं. टीकेची झोड उठली. त्यांनी ‘नवजीवन’मधून उत्तर दिलं की अशा वेळी प्राण घेणं हीसुद्धा अहिंसा असू शकते. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही मान्य करतो की एखाद्या जनावराला जिवंत ठेवणं हीच क्रूरता ठरू शकते.

याचा अर्थ घाई करा असा नाही. पार्व्हो किंवा गोचीड-ताप झालेली कितीतरी कुत्री वेळेवर उपचार मिळाले तर उठून बसतात. शंका असेल तर दुसरं मत घ्या. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. खर्च झेपत नसेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. पण आजारी जनावर गाडीत घालून लांब सोडून येऊ नका. उपाशी मरायला सोडणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे चहा-समोशाइतका. तेव्हा इथे धाक कायद्याचा नाही, मनाचाच हवा.

मग ठरवायचं कसं? अमेरिकेतल्या पशुवैद्यक अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची पद्धत सोपी आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्या. स्थिती जितकी चांगली तितके गुण जास्त. बेरीज ३५ च्या वर असेल तर सेवा चालू ठेवा. सतत खाली असेल तर पशुवैद्यकांना सरळ विचारा, ‘हा तुमचा असता तर काय केलं असतं?’ गुण कॅलेंडरवर लिहा, आठवणीवर विसंबू नका. आणि आपल्या घरातली वेदनाशामकं देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणं ठरतं.

शेवटच्या इंजेक्शनची भीती वाटते ना? आधी गुंगीचं औषध देतात. मग भूल देणाऱ्या औषधाचा मोठा डोस. काही क्षणांत शुद्ध जाते, नंतर श्वास आणि हृदय थांबतं. डोळे उघडे राहू शकतात, एखादा स्नायू हलू शकतो. तेव्हा त्याला काही कळत नसतं.

त्या वेळी बाहेर थांबू नका. ज्याने रोज दारात तुमची वाट पाहिली, त्याच्या डोक्यावर तुमचा हात असू द्या.